पत्रकारितेचे शिक्षण आणि "खाणार काय?" हा प्रश्न



मुलगा डॉक्टर होणार म्हटले की घरात मिठाई येते. पत्रकार होणार म्हटले की अब्बा विचारतात, "खाणार काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मी टाळणार नाही.

आधी शिक्षणाचे पाहू. नागपुरात हिस्लॉप महाविद्यालयात वृत्तपत्रविद्येचे वर्ग १९५२ च्या सुमारास सुरू झाले. आज नागपूर विद्यापीठाचा स्वतंत्र जनसंवाद विभाग आहे. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, अमरावतीत भारतीय जनसंचार संस्थेचे केंद्र आहे, आणि हैदराबादच्या मौलाना आझाद विद्यापीठात हाच विषय उर्दूतून शिकता येतो. बारावीनंतर थेट प्रवेश मिळतो. पण माझे मत विचाराल तर आधी इतिहास, अर्थशास्त्र किंवा कायदा यांत पदवी घ्यावी. बातमी कशी लिहावी हे वर्षभरात येते. कशाविषयी लिहावी याला आधीचे वाचन लागते. मौलाना आझादांनी १९१२ साली कलकत्त्यात 'अल-हिलाल' काढले तेव्हा ते २३ वर्षांचे होते आणि त्यांच्याजवळ कोणत्याही विद्यापीठाची पदवी नव्हती. मात्र त्यांच्याइतके वाचन असेल त्यानेच हा दाखला घरी द्यावा!

आता पोटाचे. तालुक्याच्या वार्ताहराला बहुधा ठराविक पगार नसतो. उलट जाहिराती गोळा करून द्याव्या लागतात. शहरातल्या उपसंपादकाला पगार असतो, पण सुरुवातीला बेताचाच. हे लपवून मुलाला या वाटेला लावू नये. परंतु पदवी तेवढ्यासाठीच नसते. जिल्हा माहिती अधिकारी, केंद्राची भारतीय माहिती सेवा, आकाशवाणी, मोठ्या संस्थांचे जनसंपर्काचे काम, अनुवाद, अध्यापन अशा वाटा आहेत. सरकारी जागा स्पर्धा परीक्षेतून भरतात, म्हणून तयारी पहिल्या वर्षापासूनच हवी. मुलींच्या पालकांनीही हे ध्यानात घ्यावे. संपादन आणि अनुवाद ही टेबलावर बसून करण्याची कामे आहेत. अर्थात मुलीला बातमीदारीच करायची असेल तर तिला अडवू नये.

आपल्या मुलांजवळ एक भांडवल आहे, ते घरातल्यांनाच दिसत नाही. हेमलकशाला १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा डॉक्टरांना औषधाआधी माडिया भाषा शिकावी लागली. पत्रकाराचेही तसेच आहे. पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा पूल पाण्याखाली गेला की वर्तमानपत्रात दोन ओळी येतात : संपर्क तुटला. बाळंतिणीला दवाखान्यात कसे नेले, दुकानात धान्य किती दिवसांचे उरले होते, शाळा किती दिवस बंद राहिली, हे येत नाही. कारण विचारणारा तिथवर पोहोचत नाही, आणि पोहोचला तरी त्याला माडिया येत नाही. आपल्या कित्येक घरांत उर्दू बोलतात, शाळेत मराठी आहे, अहेरी-सिरोंचाच्या बाजारात तेलुगू कानावर पडते आणि खेळगड्यांकडून माडिया. मराठीतले पहिले वृत्तपत्र 'दर्पण' १८३२ साली निघाले, तेही मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत.

विद्यार्थी मित्रांनो, येत्या पावसाळ्यात रस्ता बंद झाला तर काय झाले, कोणाचे अडले, किती दिवस, हे तीन माणसांना विचारून दोनशे शब्दांत लिहा. नावे, तारखा तपासून घ्या. मग कागद मला आणून दाखवा. तुमच्या अब्बांशी मी बोलेन.