लोकमान्यांचे वकील



वकिली करणाऱ्या प्रत्येकावर एक प्रसंग केव्हां ना केव्हां येतोच. सोमवारीं भाडेकऱ्याच्या वतीनें जो मुद्दा घसा कोरडा होईपर्यंत मांडला, त्याचेंच खंडन गुरुवारीं घरमालकाच्या वतीनें करावें लागतें, आणि दैवगति अशी कीं, न्यायाधीश तेच असतात. माझ्यावर हा प्रसंग वकिलीच्या दुसऱ्या वर्षीं आला. न्यायाधीश वृद्ध आणि विनोदी होते. त्यांनीं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलें व "परवां येथें उभे होते ते आपले बंधु काय?" एवढेंच विचारलें. कोर्टांत हशा पिकला, मीहि हंसलों. पण घरीं जातांना तो प्रश्न कांहीं केल्या मनांतून जाईना. अशिलासाठीं आपण जें बोलतों त्यांत आपलें स्वतःचें किती, आणि फीचें किती?

आज ज्या वकिलांविषयीं मी बोलणार आहें त्यांच्यापैकीं एकाला या प्रश्नाचें उत्तर भर न्यायासनावरून द्यावें लागलें. मात्र त्याचा सोमवार आणि गुरुवार यांच्यामध्यें अकरा वर्षें गेलीं होतीं, आणि अशील होते बाळ गंगाधर टिळक.

सन १८९७ चा उन्हाळा. पुण्यांत प्लेगनें आणि प्लेगबंदोबस्तानें लोक हैराण झालेले. २२ जूनच्या रात्रीं रँडसाहेबांवर गोळी झाडली गेली. त्याच्या आठवडाभर आधीं, १५ जूनच्या 'केसरी'ंत शिवराज्याभिषेकोत्सवासंबंधानें मजकूर आला होता. त्यावरून राजद्रोहाचा आरोप ठेवून २७ जुलैस टिळकांस मुंबईंत पकडण्यांत आलें. प्रथम मॅजिस्ट्रेटनें जामीन नाकारला, मग उच्च न्यायालयानेंहि नाकारला. तेव्हां बॅरिस्टर दिनशा दावर यांनीं पुन्हां एकदां अर्ज केला. या वेळीं न्यायासनावर होते न्यायमूर्ति बद्रुद्दीन तय्यबजी. दावरांचें म्हणणें सरळ होतें. आरोपीला आपल्या बचावाची तयारी करण्यास मोकळीक हवी. आणि उद्यां तो निर्दोष ठरला, तर आधीं भोगलेली कैद त्याला कोण परत करणार? तय्यबजींनीं जामीन मंजूर केला. हे तय्यबजी म्हणजे १८८७ सालीं मद्रासच्या राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष झालेले गृहस्थ. निकाल कांहींना रुचला नाहीं, हें सांगावयास नकोच.

पुढें मुख्य खटल्यासाठीं कलकत्त्याहून पग नांवाचे बॅरिस्टर आणले गेले. तरी न्यायमूर्ति स्ट्रॅची यांनीं कायद्यांतील एका इंग्रजी शब्दाचा अर्थ 'प्रीतीचा अभाव' असा सांगितला, आणि सहा विरुद्ध तीन मतांनीं ज्यूरीनें टिळकांस दोषी ठरविलें. शिक्षा झाली अठरा महिने सक्तमजुरीची. सरकारावर प्रेम नसणें हाच जर द्रोह, तर या देशांतील बहुतेक घरांत त्या दिवशीं राजद्रोही जेवावयास बसले असतील! पण तो विषय निराळा. आपल्याला आज दावरांचा माग घ्यावयाचा आहे.

अकरा वर्षें लोटलीं. दावर आतां न्यायमूर्ति दावर झाले होते. ३० एप्रिल १९०८ रोजीं मुझफ्फरपुरास बाँब फुटून दोन इंग्रज स्त्रिया मृत्यु पावल्या. त्यावर 'केसरी'नें लिहिलेल्या लेखांपैकीं १२ मेचा 'देशाचें दुर्दैव' आणि ९ जूनचा 'हे उपाय टिकाऊ नाहींत' या दोहोंवरून २४ जूनला टिळकांना मुंबईंत सरदारगृहांत अटक झाली. २ जुलैला जामिनाचा अर्ज दावरांपुढें आला. टिळकांच्या वतीनें उभे राहिले तिशी नुकतीच ओलांडलेले बॅरिस्टर महमदअली जीना.

हें दृश्य क्षणभर डोळ्यांपुढें आणा. जीनांनीं आधार म्हणून तय्यबजींचा १८९७ चा निकाल पुढें केला. तो निकाल मिळविला कोणीं? दावरांनीं. त्या निकालांतलीं कारणें मुळांत सुचविलीं कोणीं? दावरांनीं. आरोपी तोच, कलम तेंच, न्यायालय तेंच. वकिलाचे शब्द अकरा वर्षांनीं दुसऱ्याच्या मुखांतून त्याच्याचकडे परत आले होते. न्यायमूर्ति दावरांनीं अर्ज फेटाळला. आणि ज्या कारणांनीं आपण फेटाळीत आहों त्यांची चर्चा या वेळीं करणें इष्ट नाहीं, असें सांगितलें.

मी दावरांचा कैवारी नाहीं, तरी एक गोष्ट त्यांच्या बाजूनें सांगितली पाहिजे. वकील म्हणून केलेला युक्तिवाद न्यायाधीशाला बांधून ठेवीत नाहीं. तसें असतें तर एकाहि जुन्या वकिलाला न्यायासनावर बसतां आलें नसतें. शिवाय परिस्थिति खरोखरच पालटली होती. बाँबची भीति होती, आणि आरोपीला पूर्वीं एकदां शिक्षा झालेली होती. यांतलें कोणतेंहि कारण दावरांना देतां आलें असतें. खटल्याआधीं न्यायाधीशानें आरोपीविरुद्ध बोलूं नये म्हणून ते गप्प राहिले, असेंहि म्हणतां येईल. पण माणसानें मत बदललें याचा मला विषाद वाटत नाहीं. स्वतःच्या जुन्या प्रश्नाला उत्तर न देतां तो मिटवून टाकावा, हें मात्र मनाला लागतें. तो प्रश्न त्यांनीं एके काळीं पैसे घेऊन विचारला असेल. तरी तो खरा प्रश्न होता.

जामीन गेला आणि खटल्याचा दिवस जवळ आला. येथें वकील आणि अशील यांच्यामध्यें दुसरा एक पेंच पडला. जीनांचें मत असें कीं, बचाव व्हावयाचा तो निव्वळ कायद्याच्या मार्गानें. त्यांत राजकारण आणूं नये. टिळकांना तसली सुटका नको होती. ते स्वतः एल्एल्. बी. होते, पुण्यांत त्यांनीं कायद्याचे वर्ग चालविले होते. कायदा त्यांना कळत नव्हता असें नाहीं. पण त्यांच्या दृष्टीनें आरोपीच्या पिंजऱ्यांत टिळक नांवाची व्यक्ति उभी नव्हती, वृत्तपत्राचा बोलण्याचा हक्क उभा होता. आणि त्या हक्काचें वकीलपत्र दुसऱ्या कोणाला देतां येण्यासारखें नव्हतें. अशिलाला आपली बाजू स्वतःच्या शब्दांत मांडावयाची असेल तर वकिलानें दूर व्हावें, हाहि वकिलीचा एक धर्मच आहे. जीना दूर झाले. याबद्दल दोघांमध्यें कटुता राहिली नाहीं, हें पुढें दिसेलच.

१३ जुलैला खटला सुरू झाला. हायकोर्टाच्या भाषांतरकाराला टिळकांनीं स्वतः उलटतपासणींत घेतलें, आणि एकेका मराठी शब्दाच्या इंग्रजी प्रतिशब्दावरून त्याला जेरीस आणलें. ज्यूरींत सात युरोपियन आणि दोन पारशी. खटला चालला होता मराठी लेखांचा! टिळक एकवीस तास दहा मिनिटें बोलले. त्यांनीं कागदपत्र पुराव्यांत दाखल केल्यामुळें शेवटचा शब्द सरकारी वकिलाकडे गेला. कसलेल्या वकिलानें कदाचित् ही चूक केली नसती. किंवा टिळकांना ती चूक वाटलीच नसावी. २२ जुलैला रात्रीं उशिरापर्यंत काम चाललें. सात विरुद्ध दोन मतांनीं टिळक दोषी ठरले. दावरांनीं त्यांची बुद्धिमत्ता आणि लोकांवरील वजन मान्य केलें, त्यांना या स्थितींत पाहून दुःख होतें असेंहि म्हटलें, त्यांच्या लेखांना रोगट आणि विकृत मनाचें फळ म्हटलें, आणि सहा वर्षें काळें पाणी व हजार रुपये दंड ठोठावला. दुसऱ्या दिवसापासून मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांनीं सहा दिवस काम बंद ठेवलें, वर्षाला एक दिवस याप्रमाणें.

पुढें दावर 'सर' झाले. तेव्हां हायकोर्टाच्या बॅरिस्टर मंडळींनीं त्यांना मेजवानी देण्याचें ठरविलें आणि रीतीप्रमाणें कागद सह्यांसाठीं फिरला. तो जीनांकडे आला तेव्हां त्यांनीं त्यावर लिहिलें कीं, एका थोर देशभक्ताला जबर शिक्षा देऊन ज्यानें ही पदवी मिळविली, त्याला मेजवानी देण्याची बॅरिस्टरांना लाज वाटावयास हवी. कागद फिरत फिरत दावरांच्या कानीं गेला. त्यांनीं जीनांना आपल्या खोलींत बोलावून विचारलें, कीं मी कधीं तुम्हांला वाईट वागविलें आहे काय? जीना म्हणाले, कधींच नाहीं. मग असें कां लिहिलें? तर तें मला खरें वाटलें म्हणून. आपण माझ्याशीं कितीहि चांगले वागलां असलां, तरी टिळकांचा खटला ज्या रीतीनें चालविला गेला त्याबद्दलची माझी भावना मला दाबून ठेवतां आली नाहीं.

ही हकीकत न्यायमूर्ति छागला यांनीं आपल्या आत्मचरित्रांत नमूद केली आहे. ज्या न्यायाधीशापुढें रोज उभें राहावयाचें, ज्याच्या एका होकारावर वकिलाची भाकरी अवलंबून, त्याच्याविषयीं असें लिहिणें ही सामान्य गोष्ट नव्हे. आणि या वेळीं जीनांना कोणी फी दिलेली नव्हती. टिळक मंडालेच्या तुरुंगांत होते.

१९१४ च्या जूनमध्यें टिळक सुटून आले. १९१६ च्या एप्रिलमध्यें होमरूल लीग निघाली, आणि तिचे अध्यक्ष झाले माझगांवचे ख्रिस्ती बॅरिस्टर जोसेफ बाप्टिस्टा, लोकांचे 'काका'. दावर पारशी, जीना खोजे, बाप्टिस्टा ख्रिस्ती. चित्पावन टिळकांसाठीं झटणाऱ्या कायदेपंडितांची ही यादी ज्यांना टिळक केवळ एका जातीचे वाटतात त्यांनीं एकदां वाचावी. काका मात्र कोर्टांतून सभेंत उतरले आणि तेथेंच रमले; पुढें कामगारांच्या चळवळींत शिरले, १९२५ सालीं मुंबईचे महापौर झाले. त्यांच्यावर स्वतंत्र भाषण व्हावयास हवें.

त्याच १९१६ सालीं २३ जुलैला टिळकांना साठ वर्षें पुरीं झालीं. पुणेकरांनीं त्यांना एक लाख रुपयांची थैली अर्पण केली, आणि सरकारनें त्याच दिवशीं आपला आहेर पाठविला. बेळगांव व अहमदनगर येथील तीन भाषणांबद्दल वर्षभर चांगल्या वर्तणुकीचा जामीन कां घेऊं नये, अशी ती नोटीस होती. पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटनें वीस हजारांचा जातमुचलका व दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. आणि टिळकांनीं पुन्हां जीनांना बोलाविलें.

या वेळीं बचाव जीनांच्या पद्धतीनें झाला. ९ नोव्हेंबरला उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति बॅचलर व शहा यांनीं मॅजिस्ट्रेटचा हुकूम रद्द केला. हा विजय कसा मिळाला हें पाहण्यासारखें आहे. नोकरशाहीवरील टीका म्हणजे सरकारवरील टीका नव्हे, हा जीनांचा एक मुद्दा होता. तो बॅचलरसाहेबांनीं मानला नाहीं. पण सुटीं वाक्यें वेंचून काढूं नका, भाषणें सबंध वाचा, वक्त्याला स्वराज्य मागावयाचें आहे हा त्याचा एकूण रोख ध्यानांत घ्या, हें म्हणणें मानलें गेलें. म्हणजे स्वराज्य मागणें हा गुन्हा नव्हे, एवढी गोष्ट न्यायासनाकडून पदरांत पडली. आठ वर्षांपूर्वीं एकवीस तासांनीं जें साधलें नव्हतें, तें कायद्याच्या चार भिंतींत राहून साधलें. याचा अर्थ १९०८ सालीं टिळक चुकले असा मी करीत नाहीं. त्या वर्षीं दुसरा कोणताहि वकील उभा असता तरी ज्यूरी तीच असती. डिसेंबरांत लखनौला काँग्रेस व लीग यांचा करार झाला, त्यांत या अशिलाचा आणि या वकिलाचा दोघांचाहि हात होता. त्यापुढें जीना कोणत्या वाटेनें गेले आणि १९४७ सालीं ती वाट कोठें पोंचली, हें श्रोत्यांना ठाऊक आहे. तें ठाऊक असल्यामुळेंच १९१६ चे जीना आपल्याला ओळखतां येत नाहींत.

टिळकांचा शेवटचा मोठा खटला विलायतेंत झाला. व्हॅलेंटाईन चिरोल यांनीं आपल्या पुस्तकांत केलेल्या बदनामीबद्दल टिळकांनीं लावलेला हा दावा १९१९ च्या आरंभीं चालला. त्यांत टिळकांचे वकील कोण होते, ठाऊक आहे? सर जॉन सायमन. १९२८ सालीं ज्यांना आपण काळीं निशाणें दाखवून 'परत जा' म्हणून सांगितलें, तेच. दावा टिळक हरले. सायमनसाहेबांनीं काम इमानानें केलें असावें. त्यांना काम दिलेलें होतें, त्यांनीं तें केलें. घरीं जातांना त्यांच्या मनांत कांहीं प्रश्न आला असेल असें मात्र वाटत नाहीं.

१९५६ सालीं मुंबई उच्च न्यायालयांत, जेथें टिळकांना शिक्षा झाली त्या दालनाबाहेर, त्यांचे शिक्षेपूर्वींचे शब्द कोरलेली पाटी लावण्यांत आली. या न्यायालयापेक्षां वरिष्ठ अशी एक शक्ति आहे, या आशयाचे ते शब्द श्रोत्यांच्या परिचयाचे आहेत. पाटीचें अनावरण मुख्य न्यायमूर्ति छागला यांनीं केलें, आणि दावरांनीं दिलेल्या त्या शिक्षेविषयीं त्याच न्यायालयाच्या वतीनें खेद प्रकट केला. छागला तरुणपणीं जीनांच्या हाताखालीं वकिली शिकले होते. मेजवानीच्या कागदाची ती हकीकत त्यांना कळली ती तेथेंच.