जुनी जीप आणि डोंगरवाट

१९४१ ते १९४५ या युद्धवर्षांत अमेरिकेंत विलिस व फोर्ड या कारखान्यांनीं सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. त्यांपैकीं एखादी आज खडकाळ वाटेवर नेऊं पाहणारा हौशी मनुष्य प्रथम वेगाच्या मागें लागतो. वास्तविक तिची ६० अश्वशक्ति तेथें पुरेशी असते. प्लॅटिनम पॉइंटांतील फट ०.०२० इंच ठेवावी. मंद गतींतहि इंजिन अडखळणार नाहीं असा कार्बुरेटर जुळवावा. खरी परीक्षा उतारावर! ब्रेक तापले किंवा त्यांत पाणी शिरलें, कीं पकड सुटते. अशा वेळीं चारी चाकें जोडून दुय्यम गिअरपेटींतील संथ गिअर घातलेला असला, तर इंजिनच गाडी रोखून धरतें. म्हणून ती पेटी व तिच्यांतील तेल आधीं तपासावें. रंगरंगोटी मागाहून होईल.