व्यसनात सापडलेला साथी आपलाच आहे

(रायपूर येथे मराठी रेल्वे व टपाल कामगारांपुढे केलेले भाषण)



पगार, बदल्या, रिक्त जागा यांवर आपण नेहमीच बोलतो. आजचा प्रश्न मात्र कोणत्याही मागणीपत्रात येत नाही. आपल्यातले काही तरुण साथी गर्द, गांजा, खोकल्याचे औषध आणि झोपेच्या गोळ्या यांच्या विळख्यात सापडले आहेत. आपल्याला ते दिसते आणि आपण सांभाळून घेतो. ड्युटी चुकली, तर निभावून नेतो. उसने मागितले, तर देतो. घरून विचारणा झाली, तर ‘ओव्हरटाइमला आहे’ असे सांगतो. याला आपण दोस्ती समजतो. पण या दोस्तीने फक्त व्यसनाला मुदतवाढ मिळते. रुळावर काम करणाऱ्याचे किंवा लोकांची बचत हाताळणाऱ्याचे व्यसन त्याच्या एकट्यापुरते राहतही नाही.

व्यसन हा आजार आहे. गर्द सोडल्यावर अंग मोडून येते, जुलाब होतात, झोप उडते. आठ-दहा दिवसांत शरीर सावरते, तलफ मात्र महिनोन् महिने पाठ सोडत नाही. म्हणून उपचार घेतलेला माणूसही पुन्हा घसरू शकतो. मधल्या खंडानंतर पूर्वीइतकीच मात्रा घेतली, तर जीवही जातो. दारू किंवा झोपेच्या गोळ्यांची जुनी सवय असेल, तर डॉक्टरांशिवाय एकदम तोडू नये. झटके येऊ शकतात.

या कामात संघटना काय करू शकते, हे याच छत्तीसगडने दाखवले आहे. दल्ली-राजहराच्या लोहखाणींत १९७७ मध्ये शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली कंत्राटी कामगार संघटित झाले. मजुरी वाढली, तसा पैसा दारूच्या दुकानाकडे वाहू लागला. तेव्हा युनियनने दारूबंदीची मोहीम हाती घेतली. लढून मिळवलेली मजुरी घरात पोहोचली पाहिजे, हाही युनियनचाच लढा ठरला. १९९१ मध्ये नियोगींची हत्या झाली, पण तो धडा कायम आहे.

दुसरे उदाहरण पुण्याचे. अनिल अवचट यांनी गर्दवर लेखमाला लिहिली. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट यांनी येरवड्याला ‘मुक्तांगण’ सुरू केले. तिथे बरे झालेले मित्रच नव्यांचा हात धरतात. पहिली पुडी बहुधा मित्राच्याच हातून मिळते. बाहेर ओढणारा हातही मित्राचाच असू शकतो.

काहींना पोलिसांची भीती वाटते. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी स्वतःहून सरकारी वा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालवला जात नाही. उपचार मात्र पुरे करावे लागतात.

तेव्हा आपण तीन गोष्टी करू. उसने पैसे आणि खोटी हजेरी बंद. उपचारांसाठी रजा मिळवून देणे आणि नोकरी टिकवणे हे शाखेचे काम. परत आलेल्या साथीला टोमणा नाही. पगाराच्या दिवशी आणि सणासुदीला त्याच्या सोबत कुणीतरी असेल. १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. हा नंबर प्रत्येक सूचनाफलकावर लावा.

निलंबित साथीसाठी आपण गेटवर उभे राहतो. या साथीसाठीही उभे राहू या.