देवदूतांचं शहर, मिरचीचं वाटण



मेक्सिको म्हटलं की आपल्याकडे दोन-तीन चित्रं डोळ्यांसमोर येतात. मोठ्या टोपीचे गवई, काटेरी निवडुंग, समुद्रकिनाऱ्यावरचं कानकुन. अमेरिकेत मुलाकडे किंवा लेकीकडे गेलेली आपली मंडळीही मेक्सिकोला जातात ती बहुधा कानकुनलाच. आज मी तुम्हाला तिथे नेणार नाही. राजधानी मेक्सिको सिटीपासून सुमारे १३० किलोमीटरवर, बसने साधारण दोन-अडीच तासांच्या अंतरावर प्वेब्ला नावाचं शहर आहे. खायचं, राहायचं आणि पायी हिंडायचं असेल तर त्या देशात यापेक्षा सोयीचं जुनं शहर शोधावं लागेल.

प्वेब्ला वसलं १५३१ साली. वेराक्रूझ बंदरातून राजधानीकडे जाणाऱ्या वाटेवर स्पॅनिश लोकांनी ते आखून बांधलं. देवदूतांनी दोरी धरून रस्ते आखले अशी दंतकथा आहे, म्हणून त्याला देवदूतांचं शहर म्हणतात. आखणी मात्र खरोखर नेटकी आहे. मधोमध मोठा चौक, त्याला तिथे 'सोकालो' म्हणतात, आणि भोवती बुद्धिबळाच्या पटासारखे सरळ रस्ते. रस्त्यांना नावांऐवजी आकडे. चौकाच्या उत्तरेला सम आकडे, दक्षिणेला विषम. '६ ओरिएन्ते' म्हणजे चौकापासून उत्तरेकडचा तिसरा रस्ता, पूर्वेच्या बाजूचा. हे एवढं लक्षात ठेवलं की पत्ता विचारावा लागत नाही. शहराचा जुना भाग १९८७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

आता मुक्काम. बहुतेक प्रवासी राजधानीतून सकाळी येतात आणि संध्याकाळी परततात. माझं आग्रहाचं सांगणं, असं करू नका. निदान दोन रात्री राहा. सोकालोपासून पाच-सहा चौकांच्या आत जुन्या हवेल्यांची हॉटेलं झाली आहेत. आपल्या वाड्यासारखीच त्यांची रचना : दिंडीदरवाजा, आत फरसबंद चौक, कारंजं, भोवती सोपे आणि वर खोल्या. खोली घेताना एवढंच विचारा, खिडकी रस्त्याकडे की चौकाकडे? रस्त्याकडची सज्जाची खोली देखणी, पण रात्री गजबज. चौकाकडची शांत, पण काहीशी अंधारी. शहर समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून उंच, म्हणजे महाबळेश्वरच्याही पुष्कळ वर. पहिल्या दिवशी जिने चढताना दम लागतो आणि रात्री स्वेटर लागतो.

पाहायचं काय? चौकालगतचं कॅथीड्रल १५७५ मध्ये सुरू झालं आणि १६४९ मध्ये त्याचं विधिवत अर्पण झालं. त्याच्या मागच्या अंगाला पालाफोक्स ग्रंथालय आहे. १६४६ मध्ये बिशप हुआन दे पालाफोक्स यांनी आपली पाच हजार पुस्तकं दिली. अट अशी, की केवळ पाद्र्यांनाच नव्हे, वाचता येणाऱ्या कुणालाही ती खुली असावीत. कोरीव लाकडी कपाटांचे तीन मजले आणि पंचेचाळीस हजारांच्या घरात ग्रंथ. शिवाजी महाराजांनी तोरणा घेतला त्याच काळातली ही गोष्ट आहे, हे तिथे उभं राहिल्यावर मनात येतंच. सान्तो दोमिंगो चर्चमधलं १६९० चं रोझारिओ देवघर सोन्याच्या वर्खाने असं मढवलेलं आहे, की आत गेल्यावर नजर ठरत नाही. आणि '६ ओरिएन्ते' या मिठाईच्या गल्लीत सेर्दान कुटुंबाचं घर आहे. १८ नोव्हेंबर १९१० रोजी मेक्सिकन क्रांतीच्या पहिल्या गोळ्या तिथे झडल्या. भिंतीवरच्या त्यांच्या खुणा जपून ठेवल्या आहेत. शेजारच्या दुकानांत रताळ्याच्या वड्या आणि भोपळ्याच्या बियांची मिठाई. गोड आणि कडू एकाच गल्लीत.

घरांच्या दर्शनी भिंतींवर रंगीत फरशा दिसतील. ही तालावेरा चिनीमाती. तंत्र स्पेनहून आलं, पण पांढऱ्यावर निळ्या नक्षीची आवड चीनच्या भांड्यांवरून. फिलिपाइन्समधल्या मनिलाहून आकापुल्को बंदराला १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं जहाजं येत. रेशीम, चिनी भांडी, मसाले घेऊन. त्यांतला पुष्कळसा माल प्वेब्लाच्या बाजारातून जाई. २०१९ मध्ये या कलेला युनेस्कोची मान्यता मिळाली. घ्यायची असेल तर कारखान्याची खूण आणि प्रमाणपत्र पाहून घ्या, बाजारात स्वस्त नकलाही पुष्कळ असतात.

त्याच जहाजांतून आणखी काही येत असे. माणसं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मोगल मुलखातली एक मुलगी पोर्तुगीज चाच्यांनी पळवली. कोचीनला तिचा बाप्तिस्मा झाला, मनिलाच्या बाजारात ती विकली गेली आणि अखेर प्वेब्लातल्या एका कुटुंबाच्या घरी पोहोचली. नाव ठेवलं कातारिना दे सान हुआन. पुढे ती गुलामीतून सुटली, संतिणीसारखी तिची ख्याती झाली. १६८८ मध्ये ती वारली तेव्हा जेझुइटांच्या चर्चमध्ये तिचं दफन झालं. एका पाद्र्याने तिचं तीन खंडांचं चरित्र लिहिलं. इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मन्यायालयाने, त्यावर बंदी घातली. आशियातून आलेल्या कुणालाही तिथे तेव्हा 'चिनो' म्हणत, म्हणून ती 'चिना पोब्लाना', प्वेब्लाची चिनी बाई! आज या नावाने ओळखला जातो तो मेक्सिकोचा झगमगता घागरा-पोलका. तो पोशाख एकोणिसाव्या शतकातला, त्याचा तिच्याशी काही संबंध नाही. ती स्वतः अगदी साधी राहत असे. पोशाख जगभर गाजला आणि बाई मागे राहिली. भारतातून जाणाऱ्याने सोकालोजवळच्या त्या चर्चमध्ये दोन मिनिटं थांबावं, असं मला वाटतं.

आता जेवण. मेक्सिकोत मुख्य जेवण दुपारी, दोन ते चारच्या सुमारास. त्या वेळी लहान खानावळींत 'कोमिदा कोरिदा' मिळते : सूप, भात, एक मुख्य पदार्थ आणि पाणीदार सरबत. आपल्या राइसप्लेटसारखी, आणि खिशाला परवडणारी. प्वेब्लाचा मान मात्र 'मोले'ला. नाहुआत्ल भाषेतल्या या शब्दाचा अर्थच मुळी रस्सा, कालवण. तीन-चार जातींच्या सुक्या मिरच्या तळून घ्यायच्या, त्यात तीळ, बदाम, मनुका, भाजलेली टोर्टिया, दालचिनी, लवंग आणि शेवटी थोडं चॉकलेट. सगळं वाटून तासन् तास आटवायचं. हे ऐकून मराठी गृहिणी म्हणेल, अहो, हे तर वाटणच! खरं आहे. गंमत अशी, की यातली मिरची मूळ मेक्सिकोची आणि लवंग-दालचिनी आशियाची. आपल्या वाटणात लवंग-दालचिनी आपल्या बाजूची आणि मिरची पोर्तुगीजांच्या मार्फत आलेली. दोन स्वयंपाकघरांनी एकमेकांची सामग्री उसनी घेऊन आपापला पदार्थ घडवला. मोले सान्ता रोसा मठातल्या जोगिणींनी शोधला अशी कथा सांगतात. तिथलं फरशांनी मढलेलं स्वयंपाकघर पाहण्यासारखं आहे.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गेलात तर 'चिलेस एन नोगादा' चुकवू नका. भरली मिरची, वरून ओल्या अक्रोडांची पांढरी चटणी, डाळिंबाचे दाणे आणि हिरवी पानं. देशाच्या झेंड्याचे तीन रंग. सारण मात्र खिम्याचं. रस्त्यावर तिळाच्या पावात चीज, अवाकाडो आणि मिरची घातलेली 'सेमिता' मिळते. 'ताकोस आराबेस' हा पदार्थ मध्यपूर्वेतून आलेल्या स्थलांतरितांनी तिथे रुजवला.

शाकाहारी मंडळींनी सावध राहावं. 'कार्ने नको' म्हटलं तर अनेकांना ते फक्त लाल मांसाबद्दल वाटतं. कोंबडी आणि मासाही नको, हे वेगळं सांगा. उसळीत बहुधा डुकराची चरबी असते, तिला 'मांतेका' म्हणतात. मोलेत कोंबडीचं पाणी असतं. पण उपाशी राहावं लागत नाही. भोपळ्याच्या फुलांची केसादिया, निवडुंगाच्या पानांची भाजी आणि चुन्याच्या निवळीत शिजवलेल्या मक्याची गरम टोर्टिया मिळते. ती हातावर थापताना पाहिली की भाकरीची आठवण होते.

एक सकाळ जवळच्या चोलुलासाठी ठेवा. घनफळाच्या हिशेबाने जगातला सर्वांत मोठा पिरॅमिड तिथे आहे. तळाची बाजू चारशे मीटर, पण दिसतो तो झाडीने झाकलेली टेकडीच. माथ्यावर स्पॅनिश लोकांनी चर्च बांधलं. मागे पोपोकातेपेत्ल ज्वालामुखी, १९९४ पासून पुन्हा धुमसणारा. सकाळी लवकर गेलात तरच ढग येण्याआधी तो दिसेल.

शेवटी दोन व्यवहाराच्या गोष्टी. अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्या भारतीय पर्यटकाला मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, तरी निघण्यापूर्वी नियम दूतावासाकडून तपासून घ्या. आणि बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात, म्हणून वार पाहून बेत आखा. बाकी पायांत चांगले बूट असले, दुपारच्या जेवणाला घाई नसली, की प्वेब्ला आपणहून तुमच्याशी बोलू लागतं.