मूत्रपिंडाला ऊब देणारी चिनी गोळी

कंबर दुखते, पाय गार पडतात, रात्री तीन-तीनदा लघवीला उठावं लागतं, ही तक्रार आपल्या बैठकीत कुणी ना कुणी करतंच. चीनमध्ये याच तक्रारींवर सुमारे अठराशे वर्षांपासून एक गोळी देतात. तिचं नाव शेन-छी वान, म्हणजे मूत्रपिंडाला बळ देणारी गोळी. आज तिच्याबद्दल बोलू.

झांग झोंगजिंग नावाच्या वैद्यांनी ती लिहून ठेवली. त्यांच्या ग्रंथात बायकांच्या आजारांचा भाग आहे, त्यातही ही गोळी येते. बाई नीट जेवते, पण लघवी उतरत नाही, आडवं पडवत नाही, टेकून बसून श्वास घ्यावा लागतो, अशा बाईसाठी ती सांगितली आहे.

गोळीत आठ औषधं असतात. रेहमानिया नावाच्या झाडाचं मूळ आठ भाग. एक कंद आणि एक आंबट फळ चार-चार भाग. पाण्यात वाढणाऱ्या झाडाचा कंद, देवदाराच्या जातीतल्या पाइन झाडाच्या मुळांवर वाढणारी बुरशी आणि एका फुलझाडाच्या मुळाची साल तीन-तीन भाग. शेवटी दालचिनीच्या जातीच्या झाडाची काडी आणि बचनागाच्या जातीचं मूळ, फक्त एक-एक भाग. हे सगळं कुटून मधात वळायचं.

गरम औषधं इतकी थोडी का? चिनी वैद्य म्हणतात, मूत्रपिंड हे शरीराचं मूळ, तिथे पाणीही असतं आणि आचही. आच मंद झाली की अंग गारठतं. मग चुलीत एकदम लाकडं कोंबायची नाहीत, निखारा हळूच फुलवायचा. पुढे छिएन यी नावाच्या बालवैद्यांनी मुलांसाठी ही दोन गरम औषधं काढून टाकली. उरलेल्या सहांची गोळी चीनमध्ये आजही खूप चालते.

आता नीट ऐका. चिनी वैद्य ज्याला मूत्रपिंडाची कमजोरी म्हणतात, ती आणि दवाखान्यातला किडनीचा आजार एक नव्हे. त्यांच्या त्या शब्दात हाडं, केस, कान, मूल होण्याची ताकद, म्हातारपण असं सगळं येतं. म्हणून ‘किडनीला बळ देणारं’ असं लिहिलेली पुडी किडनीचा आजार बरा करेलच, असं समजू नका.

दुसरं, बचनाग हे विष आहे. आपल्याकडचे वैद्यही ते शोधन केल्याशिवाय वापरत नाहीत. चीनमध्ये ते भिजवून, खूप वेळ शिजवून मगच देतात. कच्चं राहिलं तर आधी तोंडाला मुंग्या येतात, मग उलट्या होतात, हृदयाचे ठोके बिघडतात, जीवही जातो. असं कुणाला झालं तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच १०८ला फोन करा. गरोदर बाईने तर ते घेऊच नये.

तिसरी गोष्ट बेल्जियमची. १९९०च्या सुमारास ब्रसेल्स शहरात बायकांना वजन उतरवायला चिनी वनस्पतींच्या गोळ्या दिल्या गेल्या. दोन मुळांची नावं सारखी, म्हणून एकाच्या जागी दुसरं आलं. ते ॲरिस्टोलोकिया जातीचं होतं. शंभरहून जास्त बायकांच्या किडन्या खराब झाल्या. गोळ्या बंद केल्या तरी कित्येकींचा आजार वाढतच गेला, डायलिसिसची पाळी आली. पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. आपल्याकडची सापसंद याच जातीची. तेव्हा ‘झाडपाल्याने काय होतंय?’ असं म्हणू नका.

मग करायचं काय? पायावर, डोळ्यांभोवती सूज, लघवीला फेस, लघवी कमी होणं, यातलं काही दिसलं तर लघवीची आणि रक्तातल्या क्रिएटिनिनची तपासणी करून घ्या. साखर आणि रक्तदाब आवाक्यात ठेवा, किडनी मुख्यतः त्यांनीच बिघडते. अंगदुखीच्या गोळ्या मनाने रोज खाऊ नका. कुठलंही चूर्ण चालू असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका, पुडीच सोबत न्या. आणि जिच्यावर आत काय आहे ते लिहिलेलं नाही, ती पुडी बाजारातून घेऊच नका.

पुढच्या बैठकीत हे एकमेकींना सांगा. घरातल्या सासूबाईंनाही सांगा, कारण असली पुडी बहुधा त्यांच्याच उशाशी असते.