संघ कामगाराचा, हिशेबही कामगाराचा
(कामगारांच्या सभेंत झालेलें भाषण)



येथें जमलेले आपण बहुतेक शेतकरी, सुतार, लोहार, कुंभार यांच्या घरचे. एक मुलगा शेतावर, दुसरा कारखान्यांत, असा आपला संसार. तेव्हां कामगार संघाचा प्रश्न शहरवाल्यांचा, आपला नव्हे, असें कोणीं म्हणूं नये.

मुंबईच्या गिरण्यांत एके काळीं आठवड्याची सुटी नव्हती. जोतीरावांचे अनुयायी व ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं परळास सभा भरवून साडेपांच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. १८९० च्या एप्रिलांत महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार माणसें जमलीं. दोन स्त्रियाही तेथें बोलल्या. त्याच जूनमध्यें मालकांनीं सुटी मान्य केली. आजचा रविवार ही त्या लोकांची कमाई आहे.

पण त्या संघास सभासदांची यादी नव्हती, वर्गणी नव्हती, नियम नव्हते. १८९७ सालीं प्लेगानें लोखंडे गेले. त्यांच्यामागें संघ टिकला नाहीं. एका खांबावरचें घर खांबाबरोबर बसतें. १९८२ च्या संपांत सुमारें अडीच लाख गिरणीकामगार बाहेर पडले. त्यांच्या धैर्यास तोड नव्हती, परंतु इतकी घरें महिनोन् महिने पोसण्याची शिदोरी संघापाशीं नव्हती. पुष्कळजण गांवच्या भाकरीवर तगले.

आज संकट निराळें आहे. पोरगा राबतो कारखान्यांत, पण त्याचें नांव ठेकेदाराच्या वहींत. नव्या कायद्यानें २१ नोव्हेंबर २०२५ पासून संपापूर्वीं चौदा दिवसांची नोटीस सर्वच कारखान्यांत लागते. तेवढ्यांत ठेकेदार दुसरीं माणसें आणतो. तीं कोठलीं? आपल्याच शेजारच्या गांवचीं!

मग उपाय नाहीं काय? हमालांकडे पाहा. त्यांस ना कायम मालक, ना हजेरीपट. तरी पुण्यांत हमाल पंचायत उभी राहिली, मुंबईंत अण्णासाहेब पाटलांनीं माथाडी एकत्र केले, आणि १९६९ सालीं माथाडी कायदा झाला. हमालाची नोंद मंडळांत होते. व्यापारी मजुरी व तिच्यावरील लेव्ही मंडळांत भरतो. त्यांतून फंड, बोनस, औषधपाणी चालतें. व्यापारी बदलला तरी नोंद राहते. पाठीवर पोतें वाहणारास जें साधलें, तें ठेक्यावरच्या आणि मोटारसायकलीवरून घरोघर जिन्नस पोंचविणाऱ्या पोरास कां साधूं नये?

तेव्हां माझें सांगणें इतकेंच. वर्गणी थोडी असो, पण पावतीनें घ्या. हिशेब दरसाल सभेंत मोठ्यानें वाचा. पुढारी बाहेरचा असला तरी तिजोरीची किल्ली कामगाराच्या हातीं ठेवा. बायांस सतरंजीच्या कडेला नव्हे, कमिटींत बसवा. संपाच्या अगोदर शेजारच्या गांवीं जाऊन तेथील आयाबापांस आपलें गाऱ्हाणें समजावा. पगार कापतांना मालक जात पाहत नाहीं. मग वर्गणी देतांना आपण ती कां पाहावी?

गांवाची भाकर आणि कामगाराची पावती एकत्र आली, तर ठेकेदारास माणसें मिळावयाचीं नाहींत. आज घरीं जाल तेव्हां आपल्या पोरास एवढेंच विचारा: बाबा, तुझें नांव कोणत्या वहींत आहे?