पाचट आणि बांधाचा शेजार



उसाची तोडणी संपली की पश्चिम महाराष्ट्राच्या साखरपट्ट्यात अनेक फडांतून धुराचे लोट उठू लागतात. ऊस कारखान्याकडे जातो आणि मागे राहिलेल्या पाचटाला काडी लावली जाते. एका हेक्टरात सुमारे 8 ते 10 टन पाचट निघते. त्यात नत्र, स्फुरद व पालाश तर असतेच; शिवाय सुमारे एकतृतीयांश सेंद्रिय कर्ब असतो. पाचट जळते तेव्हा कर्ब व नत्र बहुतांशी हवेत निघून जातात आणि जमिनीच्या वाट्याला राख येते.

यावरील उपाय नवा नाही. शेतातील टाकाऊ पदार्थांपासून कंपोस्ट करण्याची इंदूर पद्धत अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी 1931 सालीच ग्रंथरूपाने मांडली. खोडव्यात तर खड्डाही खणावा लागत नाही. बुडखे जमिनीलगत छाटून पाचट सरीत पसरावे, त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट व कंपोस्ट जीवाणू टाकून पाणी द्यावे. उभ्या पिकातच पाचट कुजते. ओल टिकते व तणही कमी होते.

असे असता काडी का लागते? केवळ अज्ञानामुळे, हे उत्तर अपुरे आहे. उंदीर माजतील, सरीत पाणी तुंबेल, या शंका असतातच. त्याहून मोठी धास्ती असते ती शेजारच्या बांधाची. शेजाऱ्याने फड पेटविला आणि वारा फिरला, तर राखून ठेवलेले कोरडे पाचट पेट घेते व खोडव्याचे कोवळे फुटवेही होरपळतात. म्हणून पाचट राखण्याचा निर्णय एकट्याचा राहत नाही. बांधाला बांध लागून असलेल्या सर्वांचा तो होतो.

अशा सामाईक निर्णयांची सवय आपल्या खेड्यांना आहे. सावडीने पेरणी होत असे, इर्जिकीला सारा गाव लोटत असे. आज ज्याच्या शेतात हात लावला, तो उद्या आपल्या शेतात येणार असे. त्यामुळे दिलेला शब्द मोडत नसे. हीच रीत पाचटालाही लागू पडते. कुट्टी करणारे यंत्र एकट्या अल्पभूधारकास परवडत नाही, पण दहाजणांनी मिळून ते आणता येते.

मात्र नाती दुहेरी असतात. भावकीत बांधावरून कज्जा असेल, तर चांगला सल्लाही बांध ओलांडत नाही. सारे शिवार पेटविणारेच असेल, तर न पेटविणारा चेष्टेचा विषय होतो.

यास्तव ग्रामपंचायत अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्यांनी एकेका शेतकऱ्यास गाठण्याऐवजी सलग शिवारातील शेतकऱ्यांना तोडणीपूर्वीच एकत्र बसवावे. प्रात्यक्षिकही एखाद्या सधन बागाईतदाराच्या एकाकी मळ्यात न घेता लागून असलेल्या चार-पाच शेतांत घ्यावे. त्या शेतांनी एक हंगाम काडीविना काढला, तर पुढील हंगामात शेजारचे बांध स्वतःहून विचारणा करू लागतील.